चौथ्या खुर्चीचा वाद: प्लेयर्स की पीजीए चॅम्पियनशिप?

मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटनची ओपन या तीन स्पर्धांच्या मानाबद्दल गोल्फच्या जगात कुणी भांडत नाही. सर्वांत मानाच्या चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात, आणि भांडण आहे ते त्यातल्या चौथ्या खुर्चीचं. तिथे पीजीए चॅम्पियनशिप बसली आहे आणि प्लेयर्स चॅम्पियनशिप १९७४ पासून दाराशी उभी आहे. ‘पाचवी मेजर’ हे बिरुद प्लेयर्सला इतक्यांदा लावलं गेलंय की नवख्या प्रेक्षकाला ते अधिकृतच वाटतं. ते तसं नाही.

मुंबईत बसून बघणाऱ्याला हा वाद झोपेच्या हिशेबात मोजावा लागतो. दोन्ही स्पर्धा अमेरिकेत होतात, प्लेयर्स मार्चमध्ये आणि पीजीए मे महिन्यात. दोन्हींची शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटे संपते. वर्षात त्यातली एकच रात्र जागायची असेल तर कुठली, आणि चेंबूरच्या किंवा खारघरच्या गटात ‘मेजर किती’ हा विषय निघाला तर कुणाच्या बाजूनं बोलायचं, ते इथे बघू.

‘मेजर’ ठरवतं कोण?

पुरुषांच्या गोल्फमध्ये कुणीच ठरवत नाही. १९३० साली बॉबी जोन्सनं एका वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा त्या चारांत अमेरिका आणि ब्रिटनच्या ओपनबरोबर त्या दोन देशांच्या अमॅच्युअर स्पर्धा होत्या. आजची चौकडी रूढ झाली ती १९६० नंतर. त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून अर्नोल्ड पामर ब्रिटनच्या ओपनला निघाला आणि व्यावसायिकांसाठी नवी चौकडी हवी, ही कल्पना त्यानं उचलून धरली. त्या चौकडीतली पीजीए त्याला स्वतःला मात्र कधीच जिंकता आली नाही.

महिलांच्या गोल्फमध्ये वेगळी रीत आहे. तिथे एलपीजीए ही संघटना यादी ठरवते. २००१ मध्ये कॅनडातल्या दु मोरिये स्पर्धेच्या जागी ब्रिटिश ओपन आली आणि २०१३ मध्ये फ्रान्समधली एव्हियाँ पाचवी मेजर झाली. पुरुषांच्या चार मेजर मात्र चार वेगळ्या घरांच्या आहेत: ऑगस्टा नॅशनल क्लब, यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना), आर अँड ए (ब्रिटनमधली गोल्फ संस्था) आणि पीजीए ऑफ अमेरिका. वर्षभर खेळाडूंना पोसणाऱ्या पीजीए टूरकडे त्यातली एकही नाही. १९६८ मध्ये दौऱ्यावर खेळणारे व्यावसायिक पीजीए ऑफ अमेरिकेतून बाहेर पडले, तेव्हा १९१६ पासून चालत आलेली पीजीए चॅम्पियनशिप क्लबांत शिकवणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेकडेच राहिली. टूरनं १९७४ मध्ये स्वतःची स्पर्धा उभी केली, ती ही प्लेयर्स. म्हणजे या वादामागे दोन घरांची वाटणी आहे, आणि ती लक्षात ठेवली तर बाकीचं पटकन उलगडतं.

मैदान

इथे प्लेयर्स सरळ जिंकते.

१९८२ पासून ती फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासवरच खेळली जाते. दलदलीच्या जमिनीवर पीट डायनं हा कोर्स बांधला. बांधकामाला लागणारी चांगली वाळू सतराव्या होलच्या आसपास मिळाली, तिथेच खोदत गेले आणि ग्रीनच्या, म्हणजे कप असलेल्या गुळगुळीत हिरवळीच्या, जागेभोवती मोठा खड्डा झाला. मग ग्रीनभोवती पाणीच ठेवा, ही सूचना त्याची पत्नी अ‍ॅलिस डाय हिची. त्यातून झालेला होल आहे १३७ यार्डांचा, म्हणजे साधारण १२५ मीटर. बारा डब्यांच्या लोकलची निम्मी लांबी.

एवढ्या अंतरावर या खेळाडूंच्या हातात नऊ नंबरचं आयर्न किंवा वेज असते. रोजच्या सरावात हा फटका ते डोळे झाकून मारतात. तरी २००७ मध्ये पहिल्याच दिवशी ५० आणि चार दिवसांत ९३ चेंडू पाण्यात गेले. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, झाडांच्या आणि स्टँडच्या आडोशाला आहे. उभं असताना वारा अंगाला लागत नाही, पण चेंडू झाडांच्या वर गेला की वारा त्याला पकडतो, आणि कधी उलट दिशेनं. ग्रीन कडक असतं. जास्त फिरकी दिली तर चेंडू मागे ओढला जाऊन पुढच्या काठावरून घसरतो, कमी दिली तर पहिल्या टप्प्यावर उसळून मागच्या पाण्यात जातो. इतर होलवर चुकलेला चेंडू रफमध्ये (उंच गवतात) किंवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) सापडतो, इथे तो गेला की गेला. ड्रॉप झोनमधून मारायचा पुढचा फटकाही पाण्यावरूनच. २००५ मध्ये बॉब ट्वेनं या एका पार-३ वर, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा अशा होलवर, १२ फटके घेतले ते याच साखळीनं.

पण नुसता सतरावा बघणं म्हणजे अर्धं बघणं. सोळावा पार-५ आहे. दोन फटक्यांत ग्रीन गाठता येतं, पण उजवीकडे पाणी. अठरावा ४६२ यार्डांचा पार-४, डावीकडे टीपासून ग्रीनपर्यंत पाणी. त्या पाण्याला घाबरणारा उजवीकडे झाडांत जातो. २००२ मध्ये क्रेग पर्क्सनं या तीन होलवर ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी), बर्डी (एक कमी) आणि पार घेऊन विजेतेपद नेलं, आणि ईगल व शेवटचा पार दोन्ही चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका) थेट कपात टाकून. दोन-तीन फटक्यांची आघाडी इथे सुरक्षित नसते. शेवटच्या पाऊण तासाची एवढी बांधीव रचना, आमच्या मते, मास्टर्स सोडली तर कुठल्याच मेजरमध्ये दरवर्षी मिळत नाही.

पीजीए चॅम्पियनशिप दरवर्षी नव्या मैदानावर जाते, त्यामुळे तिची परीक्षाही बदलते. २०२३ मध्ये ओक हिलला ब्रूक्स केप्का ९ अंडरवर, म्हणजे पारपेक्षा नऊ फटके कमी घेऊन, जिंकला. पुढच्याच वर्षी व्हालहालाच्या मऊ ग्रीनवर झँडर शॉफलीला २१ अंडर लागले, आणि पारच्या तुलनेत मेजरमधली तोवरची ती सर्वांत कमी फटकेसंख्या ठरली. यूएस ओपन म्हटलं की कडक ग्रीन आणि दाट रफ डोळ्यांपुढे येतं, ओपन म्हटलं की समुद्राचा वारा. पीजीए म्हटल्यावर काय येतं? मैदानाचं नाव सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि हीच तिची जुनी उणीव आहे.

कोण खेळतं, कोणाला येऊ देत नाहीत

खरा निकाल मात्र इथे लागतो.

पीजीएत १५६ जण असतात आणि त्यातल्या २० जागा क्लबांत शिकवणाऱ्या व्यावसायिकांसाठी राखीव. ‘हे वीस यादी पातळ करतात’ हा आक्षेप नेहमीचा आहे, आणि त्यांतले बहुतेक दोन फेऱ्यांनंतरच्या कटच्या बाहेर जातात हेही खरं. पण उरलेल्या १३६ जागांत जगातल्या पहिल्या शंभरापैकी जवळजवळ सगळे मावतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक कोर्सवर शिकवणारा मायकेल ब्लॉक शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉयबरोबर खेळला, पंधराव्या होलवर त्यानं होल-इन-वन मारला आणि पंधराव्या स्थानावर बरोबरीत राहिला. गोल्फ शिकवून पोट भरणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवणारी ही एकमेव मेजर आहे, आणि तो तिचा मोठेपणा आहे.

प्लेयर्समध्ये वर्षानुवर्षं १४४ जण खेळले. २०२६ पासून ही संख्या १२० वर आणायचं टूरनं ठरवलं. पुष्कळ वर्षं ‘जगातली सर्वांत दर्जेदार यादी’ हा तिचा हुकमी पत्ता होता. तो २०२३ मध्ये गळाला. एलआयव्ही या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेलेल्यांना टूरनं निलंबित केलं आणि २०२२ चा विजेता कॅमेरॉन स्मिथ पुढच्या वर्षी आपलं विजेतेपद राखायला येऊच शकला नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी एलआयव्हीचाच केप्का पीजीए जिंकला. आयोजकाच्या धंद्यातल्या भांडणामुळे गतविजेता दाराबाहेर राहतो, त्या स्पर्धेला मेजर म्हणवत नाही.

पैशाच्या बाजूनं पारडं उलट झुकतं. २०२५ मध्ये प्लेयर्सची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर होती आणि विजेत्याला ४५ लाख मिळाले. पीजीएत १ कोटी ९० लाख, विजेत्याला ३४ लाख २० हजार. पण पैशानं मान येत नाही, हे मुंबईकराला समजवायला नको. कांगा लीग १९४८ पासून भर पावसात, चिखलाच्या विकेटवर खेळली जाते आणि तिथल्या धावांना मैदानावर वजन असतं. जागतिक क्रमवारीतही हीच पायरी दिसते: मेजर जिंकणाऱ्याला १०० गुण, प्लेयर्स जिंकणाऱ्याला ८०. पीजीएच्या विजेत्याला त्या स्पर्धेत आयुष्यभर आणि बाकी तीन मेजरमध्ये पाच वर्षं प्रवेश मिळतो, प्लेयर्सच्या विजेत्याला मेजरमध्ये तीन वर्षं. इतर कुठल्याही टूर स्पर्धेपेक्षा हे जास्त आणि मेजरपेक्षा कमी. आम्हाला ही पायरी अगदी योग्य वाटते.

भारतीय प्रेक्षकाला दोन्ही नावं आणखी एका कारणानं जवळची आहेत. मेजरमधली भारतीय पुरुषांची ठळक कामगिरी पीजीएतलीच: २००८ मध्ये ओकलंड हिल्सवर जीव मिल्खा सिंग संयुक्त नववा, २०१५ मध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सवर अनिर्बान लाहिरी १३ अंडरसह संयुक्त पाचवा. आणि २०२२ च्या प्लेयर्समध्ये लाहिरी दुसरा आला, स्मिथच्या फक्त एका फटक्यानं मागे. त्यानं सतराव्यावर बर्डी घेतली होती. अठराव्यावर स्मिथ झाडांत आणि तिथून पाण्यात गेला, तरी बोगीवर (पारपेक्षा एक फटका जास्त) सुटला, आणि बरोबरी करून देणारी लाहिरीची चिप कपात गेली नाही. पुढे लाहिरीही एलआयव्हीत गेला आणि हे दार त्यालाही बंद झालं.

मुंबईच्या घड्याळात

प्लेयर्स होते तोवर अमेरिकेची घड्याळं पुढे सरकलेली असतात, त्यामुळे फ्लोरिडाशी फरक साडेनऊ तासांचा. एकच रात्र जागायची तर प्लेयर्सचा रविवार निवडा, तोही पूर्ण नाही. आघाडीचे खेळाडू सोळाव्यावर पोचतात ते पहाटे पावणेतीनच्या सुमारास. अडीचचा गजर लावला तर स्पर्धेचा सगळा अर्क हाती लागतो आणि साडेतीन-चारला पुन्हा झोपता येतं. पीजीए बहुधा त्याहून तासभर उशिरा संपते. ती गुरुवार-शुक्रवारी बघावी: संध्याकाळी साडेचारच्या सुमारास पहिले गट निघतात, रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत क्लबवाल्या वीस जणांपैकी कुणी टिकून आहे का ते दिसतं.

गुरुवार-शुक्रवारी सतरावा पाहायचा तर जागरणाचीही गरज नाही. सकाळच्या सत्रात निम्मे गट दहाव्या टीवरून सुरुवात करतात, ते आपल्या संध्याकाळी सातच्या आसपास सतराव्यावर येतात. आणि बरोबरी झाली तर तीन होलचा प्लेऑफ सोळा, सतरा, अठरावर. २०२५ मध्ये अंधारामुळे तो सोमवारी सकाळी ठेवला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. जे. जे. स्पॉनचा सतराव्यावरचा फटका ग्रीन ओलांडून मागच्या पाण्यात गेला आणि मॅकिलरॉय जिंकला, तेव्हा निम्मी मुंबई लोकलमधून घरी परतत होती.