२० किलोचा पीव्हीसी डंबेल सेट : वय ४७, आठ महिने वापरून लिहिते आहे

आधी सेट कोणता ते सांगते. पीव्हीसीच्या प्लेटा, आत सिमेंट-वाळूचं भरण असते ना त्या, २.५ किलोच्या ४ अन् ५ किलोच्या २, म्हणजे लिहिल्याप्रमाणे २० किलो. सोबत १४ इंची दोन डंबेल रॉड, एक ३ फुटी सरळ रॉड अन् नट. यवतमाळच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून २१०० ला घेतला. ऑनलाइन थोडा स्वस्त दिसत होता पण आमच्या गावच्या पिनकोडवर एवढं वजनाचं सामान येतच नाही, दारव्ह्याला येऊन घेऊन जा म्हणतात, मग म्हटलं जायचंच आहे तर यवतमाळलाच जाऊन डोळ्यानं पाहून घेऊ. एसटीत सीटखाली दोन थैल्यांमध्ये वाटून आणला, एका थैलीत आणू नका, बंद तुटतात.

घ्यायचं कारण गुडघे अन् कंबर. मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत असं झालं की खाली बसलं की उठताना हात टेकल्याशिवाय उठता येईना, अन् १५ लिटरचं पाण्याचं गुंड डोक्यावर घेताना एक दिवस कंबरेत अशी कळ आली की तीन दिवस खाटेवर होते. पोरगी श्वेता अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात शिकते (१९१४ पासूनचं मंडळ आहे ते, त्यांच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं कबड्डी करून दाखवली होती). ती दिवाळीला आली अन् म्हणे, "आई, तू तेल चोळून रायली गुडघ्याले, पण मांडीत ताकदच नाही उरली तर गुडघा काय करन?" तिनंच सांगितलं की तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात अन् साठीनंतर आणखी लवकर, अन् बाईची पाळी जायच्या वयात हाडंही विरळ व्हायला लागतात, अन् दोन्हीवर वजन उचलायचा व्यायाम कामी येते. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातून कमीत कमी २ दिवस ताकदीचा व्यायाम करा म्हणते, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा.

घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा. "दिवसभर वावरात वाकून रायते, अन् घरी येऊन पुन्हा वजनं काहून उचलते वो?" प्रश्न चुकीचा नाही, मलाही तेच वाटे. पण निंदण काय अन् वेचणी काय, हलकं काम हजारदा करणं आहे ते. त्यानं दम वाढते, थकवा येते, पण अंगावरचा भार काही दर महिन्याला वाढत नाही म्हणून ताकदही एका जागी थांबते, अन् वाकणं तर रोज एकाच पद्धतीचं, पाठ गोल करून. ताकद वाढवायची तर भार थोडा थोडा वाढवत न्यावा लागते. हे थोडं थोडं म्हणजे किती, यातच या सेटचं सगळं बरं-वाईट आहे, म्हणून तेच नीट लिहिते.

आणल्या आणल्या मी प्रत्येक प्लेट किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. तुम्हीही ठेवा. २.५ लिहिलेल्या चारपैकी दोन २.३ भरल्या, एक २.५ अन् एक २.६. पाचवाल्या ४.८ अन् ४.९. स्वस्त सेट आहे, एवढा फरक मी समजू शकते, पण एका हातात ४.६ च्या प्लेटा अन् दुसऱ्या हातात ५.१ च्या, असं महिनोन् महिने झालं तर एका खांद्यावर जास्त भार पडते. मी मार्करनं खरं वजन लिहून टाकलं, हलकी एक अन् जड एक अशा जोड्या लावल्या. दुकानदारानं हे स्वतः सांगायला पाहिजे होतं, विचारलं तर म्हणे सगळ्यांचं असंच येते.

आता खरी अडचण. रिकामा डंबेल रॉड नटांसकट १.४ किलो. त्याला २.५ च्या दोन लावल्या की ६.४. म्हणजे रॉडनंतर सगळ्यात हलकं वजन थेट ६.४, मधे काहीच नाही! ज्या बाईनं कधी डंबेल पाहिला नाही तिनं दोन्ही हातात साडेसहा किलो घेऊन डोक्यावर कसे न्यायचे? मी पहिल्या दिवशी करून पाहिलं, तिसऱ्याच खेपेला उजवा खांदा दुखला अन् आठ दिवस थांबावं लागलं. हे सेट वीस-बावीस वर्षांच्या पोट्ट्यांच्या हिशोबानं बनवतात, डब्यावर फोटोही तसाच अन् व्यायामही सगळे दंडाचे, मांडीचा एक नाही. आपल्या वयात स्नायू लवकर तयार होतात पण सांध्याजवळच्या शिरा-दोऱ्या मागे राहतात, त्यांना वेळ लागते, म्हणून उडी मोठी नाही चालत.

पोरगी म्हणे १ किलोच्या प्लेटा घे. चार घेतल्या, ३८० रुपये पडले, अन् या सगळ्या सामानात माझ्या सगळ्यात कामी आलेली वस्तू हीच. रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक लावली की दोन्ही डंबेल ३.४ चे होतात. चारही एकाच रॉडला लावल्या की ५.४, मग एका वेळी एक हात करायचा. मग ६.४, अन् २.५ वर १ चढवली की ८.४. अशी पायरी पायरी मिळाली तेव्हा कुठे सोमवार-गुरुवार चुकले नाहीत. घ्यायला जाल तर एकूण किती किलो हे नंतर विचारा, सगळ्यात लहान प्लेट किती किलोची आहे ते आधी विचारा.

बाकी वस्तूंबद्दल पटकन सांगते. नट फिरवून बसवायचे आहेत, आतली रबरी रिंग दोन महिन्यांत ढिली झाली अन् नट चालू व्यायामात सरकते, हे धोक्याचं आहे, मी प्रत्येक वेळी सुरू करायच्या आधी आवळते अन् मधेही एकदा पाहते. प्लेटचं भोक रॉडपेक्षा मोठं आहे म्हणून खडखड होते. एका पाचच्या प्लेटची शिवण चौथ्या महिन्यात उकलून बारीक वाळू सांडायला लागली, एम-सील लावलं, आता ठीक आहे. पावसाळ्यात रॉडवर गंजाचे ठिपके आले, तेव्हापासून पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवते. खाली गोणपाट दुहेरी टाकते, नाहीतर फरशी फुटेल. अन् मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका, दुपारी रॉडला हात लावता येत नाही.

मी करते काय तर पाचच गोष्टी. खाटेच्या काठावर बसून उठणं (आधी रिकाम्या हातानं, मग एक डंबेल छातीशी धरून), ओट्याला हात टेकून दंड, खाटेवर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं डंबेल कंबरेपर्यंत ओढणं, डोक्यावर नेणं, अन् ३ फुटी रॉडला प्लेटा लावून पाठ सरळ ठेवून मांडीच्या जोरावर जमिनीवरून उचलणं. प्रत्येकाचे ३ सेट (म्हणजे तीन फेऱ्या), एका सेटमध्ये ८ ते १० वेळा, अन् आणखी दोन निघतील असं वाटते तिथंच थांबायचं. तीनही सेटमध्ये १२ निघाले की वजन एक पायरी वर. सपरीत (ओसरीत) पहाटे साडेपाचला, नळ यायच्या आधी, पाऊण तास पुरते. मला बीपीची गोळी आहे म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना आधी विचारलं, त्या म्हणाल्या करा पण जोर लावताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. हे मी मनात मोजता मोजता पाळते. दुसऱ्या दिवशी अंग जास्त दुखते पहिल्यापेक्षा, ते घाबरण्यासारखं नाही, सांध्यात कळ मारली तर मात्र थांबा.

खाण्यात एवढंच केलं की सोयाबीन वडी आठवड्यातून चारदा अन् रोज वरण वाटीभर जास्त. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, माझं वजन ५८, म्हणजे रोजचे ४८ ग्रॅम झाले. आपण पोत्यानं सोयाबीन पिकवतो अन् सगळं विकून टाकतो, घरात मात्र भाकर, ठेचा अन् पातळ वरण, याचं मला खरंच वाईट वाटते.

फरक पहिल्या दीड महिन्यातच कळला, दिसण्यात काही नव्हतं पण उचलणं सोपं झालं, पोरगी म्हणे सुरुवातीला नसा शिकतात, स्नायू नंतर भरतात. आता खाली मांडी घालून बसते अन् हात न टेकता उठते. गुंड डोक्यावर घेताना कंबरेची आठवणही येत नाही. श्वेताच्या बाबांनी एक दिवस डीएपी खताचा कट्टा बैलगाडीतून उतरवताना एक बाजू धरायला मला आवाज दिला, आधी कधी दिला नव्हता. ते आता गुरुवारी माझ्यासोबत दंड काढतात.

कमी कुठे पडते तर पायांसाठी. ३ फुटी रॉडला सगळ्या २० च्या प्लेटा लावूनही मला आता १२ सहज निघतात, म्हणजे आठ महिन्यांत मांडीपुरता हा सेट संपला. वरच्या अंगाला अजून वर्षभर पुरेल. २१०० अन् ३८० मिळून जे मिळालं त्यावर मी खूश आहे, पाचपैकी चार देईन, तो एक नटासाठी अन् चुकीच्या वजनांसाठी कापला.

पाचच्या आणखी दोन प्लेटा सांगायला काल दुकानात फोन केला, तेव्हाच १ किलोच्याही विचारल्या. ते म्हणाले, "ताई, त्या कोणी नेत नाही, तुमच्यासाठी चार मागवतो." मी म्हटलं आठ मागवा, शेजारच्या वहिनीनं अन् अंगणवाडीच्या ताईनं पैसे माझ्याजवळ देऊन ठेवले आहेत.