वर ओढलेली पापणी: ऑपरेशन आतनं की बाहेरनं?

आमच्या आत्तीला थायरॉइडचा त्रास, त्यात वरची पापणी ओढली गेलीय, रंकाळ्यावर वाऱ्यात फिरलं की डोळ्यातनं नुसती धार.

ओढ कमी असेल, म्हणजे २ मिमीच्या आसपास, तर पापणी उलटून आतनं मुलर नावाचा बारीक स्नायू काढतात. कातडीवर टाका नाही, व्रण नाही. पण थायरॉइडमध्ये बहुतेक वेळा कानाकडची बाजू जास्त वर गेलेली असते आणि ती नुसतं एवढ्यानं नीट खाली येत नाही बघा.

बाहेरनं करताना पापणीच्या घडीतच काप घेतात, पापणी उचलणारा लिव्हेटर स्नायू सैल करून मागं सरकवतात, कानाकडचा त्याचा फाटाही सोडवतात, त्यामुळं जास्त ओढ असेल तर मला हेच बरं वाटतं, व्रण काय, घडीत लपतोय की. सूज मात्र उतरायला वेळ लागतो.

दोन्हीत जागा बधिर करून काम होतं, मधेच पेशंटला उठवून बसवून उंची बघतात, तरी पापणी कमीजास्त राहून परत टेबलावर जायची वेळ येऊ शकते. आणि घाई नको, आजार साधारण ६ महिने शांत पाहिजे. डोळा पुढं आला असेल किंवा तिरळेपणा असेल तर त्याची ऑपरेशनं आधी, पापणीचा नंबर शेवटी. सिगरेट असेल तर ती आजच बंद.