जेम्स टेलर: आधी 'गोरिला' घ्यावा की 'जेटी'?

अमेरिकी गायक-गीतकार जेम्स टेलरचा आवाज एकदा कानात बसला की सत्तरच्या दशकातले त्याचे मधले अल्बम खुणावू लागतात. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: १९७५ चा 'गोरिला' आणि १९७७ चा 'जेटी'.

आधी घरात काय आहे ते बघा. १९७६ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' असेल, तर 'गोरिला'तली 'मेक्सिको' आणि 'हाउ स्वीट इट इज' ही दोन्ही गाजलेली गाणी तुमच्याकडे आहेतच. 'जेटी' त्यानंतर आला, म्हणून त्यातलं एकही गाणं त्या संग्रहात नाही. एकाच अल्बमपुरते पैसे असतील तर मला हा मुद्दा फार मोठा वाटतो.

दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. 'गोरिला' लेनी वॉरोंकर आणि रस टायटलमन यांनी घडवला. इथे टेलर कोवळ्या उन्हात अंगणात बसून गावं तसा गातो. 'मेक्सिको'त डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश त्याच्या सुरात सूर मिसळतात, आणि गाणारा ज्या देशासाठी आसुसलाय तिथे तो कधी गेलेलाच नाही! शेवटचं 'सारा मारिया' लेकीसाठी आहे, दिवा मालवून ऐकावं असं. मधली काही गाणी मला जरा जास्तच गोड लागतात.

'जेटी'त पीटर ॲशर निर्माता म्हणून परतला, आणि कंपनीही बदलली, वॉर्नरऐवजी कोलंबिया. इथे वाद्यवृंद एकजिनसी वाजतो. लीलंड स्क्लारचा बेस आणि रस कंकलचे ड्रम्स आवाजाला कुठेही झाकत नाहीत, पण ठेक्याला कणा देतात. 'युअर स्मायलिंग फेस' पहिल्या क्षणापासून उसळतं, तर 'अनदर ग्रे मॉर्निंग'मध्ये घरातली घुसमट आहे. हा उतारचढाव 'गोरिला'त नाही.

दुसऱ्यांची गाणी तो कशी आपलीशी करतो, तेही पाहा. मार्व्हिन गेचं 'हाउ स्वीट इट इज' घेताना त्याने मूळचा उत्साह राखला, डेव्हिड सॅनबॉर्नच्या सॅक्सोफोनने तो वाढवलासुद्धा. जिमी जोन्सचं 'हँडी मॅन' मुळात उड्या मारणारं. 'जेटी'त टेलरने ते इतकं संथ केलं की ते कानाशी बोलल्यासारखं झालं. त्याला त्याबद्दल ग्रॅमी मिळालं, आणि ते रास्तच होतं.

म्हणून पहिला 'जेटी' घ्या. संध्याकाळी चहासोबत मंद काहीतरी हवं, दुःखाची सावलीही नको, एवढंच असेल तर मात्र 'गोरिला' घ्या आणि माझं ऐकू नका. 'जेटी'ची एलपी मिळाली तर आणखी चांगलं. पहिली बाजू 'सीक्रेट ओ' लाइफ'वर संपते. लगेच उठून रेकॉर्ड उलटू नका, थोडा वेळ तसंच बसा.