आठ महिने, दोन तलवारी आणि एक फोमचं धूड

डुसेलडॉर्फमध्ये राहणाऱ्याला तलवारींचा नाद लागायला फार निमित्त लागत नाही. इमरमानश्ट्रासेवर जपानी दुकानांची रांग, आणि ट्रेनने अर्ध्या तासावर झोलिंगन, जिथे कित्येक शतकं पाती घडवली जातात. शाळेपासून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघत आलेलो असल्याने मी दोन्हीकडे हात घातला. गेल्या ऑक्टोबरात सरावाची कटाना, म्हणजे बाकदार जपानी तलवार घेतली, पंधरा दिवसांनी जर्मन लाँगसोर्डचा, म्हणजे दोन हातांनी धरायच्या सरळ तलवारीचा, सरावी प्रकार. फोमचं धूड नंतर आलं, त्याचं पुढे सांगतो.

आधी कटाना. माझी आहे ती इआयतो, म्हणजे धार न लावलेली, जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. पातं २ शाकू ४ सुन ५ बू, म्हणजे साधारण ७४ सेंटिमीटर. म्यान सोडून वजन ८५० ग्रॅम. धार नाही म्हणून निर्धास्त राहू नका, टोक चांगलंच टोकदार असतं. दुसऱ्या महिन्यात न बघता म्यान करायचा शहाणपणा केला आणि डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात ते घुसलं. ॲनिमेतला नायक शत्रूकडे पाठ करून सावकाश तलवार म्यान करतो ना, तेवढं जमायला मला तीन महिने लागले. तेही दहातल्या सात वेळा.

पहिला भ्रमनिरास आवाजाचा. तलवार उपसताना होणारा तो ‘श्शिंग’ प्रत्यक्षात होत नाही. म्यान लाकडाचं असतं आणि पातं स्वतःच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूवर, घसरत बाहेर येतं. आवाज आलाच तर समजायचं की लाकूड खरवडलं. सुरुवातीला मी भरपूर खरवडलं, त्यामुळे पाचव्या महिन्यात म्यानाचं तोंड सैल पडलं आणि वाकलं की तलवार आपोआप बाहेर डोकावू लागली. लाकडाची पातळ चकती आतून गोंदाने चिकटवली, आता ठीक आहे. मुठीतली बांबूची खुंटी मात्र दर सरावाआधी तपासायची, त्यात आळस नको. सगळं पातं मुठीत तिच्याच भरवशावर असतं.

हे कळल्यावर ‘रुरोनी केनशिन’ हे भटक्या तलवारबाजाचं ॲनिमे पुन्हा पाहिलं आणि वेगळंच दिसलं. कथा १८७८ सालची. जपानमध्ये तलवार बाळगायला बंदी आली १८७६ मध्ये, म्हणजे नायक उघडउघड कायदा मोडत हिंडतो. त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला, बाकाच्या आत. कंबरेला नेहमीसारखी लावली तर उपसताना तीच धार म्यानाच्या लाकडावरून घासत येणार, आणि हा तर विजेच्या वेगाने उपसण्यासाठीच प्रसिद्ध! त्याहून मोठी अडचण लोहाराची. कटानाला बाक येतो तो पाण्यात विझवताना. पाठीवर मातीचा जाड लेप असतो, धारेवर पातळ, त्यामुळे धार झटकन थंड होऊन कडक होते, किंचित फुगते आणि पातं पाठीकडे वळतं. धार आतल्या बाजूला हवी असेल तर पोलाद लोहाराशी भांडणार. तरी मला ती मालिका आवडते. निदान म्यान, कंबर, पाऊल यांचा तिथे कोणीतरी विचार केलाय. ‘वन पीस’मधल्या झोरोच्या तोंडातल्या तिसऱ्या तलवारीबद्दल दातांच्या डॉक्टरांनी बोलावं.

आता लाँगसोर्ड, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. सरावाच्या तलवारीला फेडर म्हणतात. माझी १३० सेंटिमीटर लांब, दीड किलो, स्प्रिंग स्टीलची, भोसकलं की वाकणारी. घामाने गंजते म्हणून तेल लावावं लागतं, आणि प्रत्येक लढतीनंतर कडेवर बारीक दातरे उठतात, ते कानशीने घासायचे. रविवारी घासू नका, शेजारी दार वाजवतात. जाड हातमोजे मला तलवारीहून महाग पडले, पण बोटांच्या मानाने स्वस्तच.

आठ महिन्यांत या तलवारीने जे शिकवलं ते मला ॲनिमेत जवळजवळ कुठेच दिसत नाही. तिला दोन धारा आहेत आणि मागची धार शोभेची नाही. ‘त्स्वेर्खहाउ’ नावाचा वार आहे: मूठ डोक्याच्या वर, अंगठा पात्याच्या सपाट अंगावर, आणि उजवीकडून आडवा वार मागच्या धारेने. मुठीची आडवी दांडी समोरचं पातं अडवते, त्याच घावात आपलं पातं समोरच्याच्या कानाशी. शिवाय चिलखतवाला समोर असेल तर डाव्या हाताने स्वतःचंच पातं मधोमध धरून फटीत टोक घालायचं. पडद्यावर हे किती भारी दिसेल!

आणि ‘फेट’ या ॲनिमेमध्ये काय होतं? सेबर ही साक्षात राजा आर्थर, हातात एक्सकॅलिबर. नायक शिरोच्या घरच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या खोलीत, ती बांबूची शिनाई घेऊन त्याला शिकवते, ते ठीक. पण एक्सकॅलिबर हातात आली तरी मला तिच्या हालचालीत केन्दोच, म्हणजे जपानी तलवारबाजीच, दिसतो. मंदिराच्या पायऱ्यांवर तिच्याशी लढणाऱ्या जपानी तलवारबाज कोजिरोची लांबलचक तलवार आपल्या लांबीप्रमाणे फिरते, समोरची इंग्लंडची तलवार मात्र सरळ केलेल्या कटानासारखी. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’मधल्या असुनाच्या रेपियरचंही, म्हणजे भोसकायच्या सडपातळ तलवारीचंही, तेच. ते सुईसारखं हलकं वाटतं, पण आमच्या क्लबातलं रेपियर माझ्या कटानापेक्षा जड भरतं. कटाना भारी की युरोपियन, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. एकीला तिची चाल मिळाली आहे, दुसरीला उसनी.

आपल्याला तर या वादाचं नवल वाटू नये. मराठ्यांची फिरंगी म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्यावर देशी मूठ. झोलिंगनच्या पाती-संग्रहालयात उभा असताना मला सारखी तीच आठवत होती.

राहिलं फोमचं धूड. जपान डे या इथल्या जपानी उत्सवासाठी घेतलेली, ‘बर्सर्क’ या ॲनिमेतल्या गट्सच्या तलवारीची नक्कल, पातं १७० सेंटिमीटर लांब, २५ रुंद. जाडी नुसती दीड सेंटिमीटर धरून पोलादाचा हिशोब केला तर ५० किलो निघतात, म्हणजे गव्हाचं पोतं. खऱ्या दोन-हाती जर्मन तलवारी २ ते साडेतीन किलोच्या असतात. पण गंमत अशी की पात्याने नव्हे तर वजनाने लढणारा गट्स मला सेबरहून खरा वाटतो. तो फिरतो तेव्हा तलवार त्याला ओढत नेते, आणि फेडरने दमल्यावर माझंही तेच होतं.

इआयतो आणि फेडर ठेवणार. फोमचं विकायचं आहे, टोकाला थोडं दबलंय, बाकी उत्तम. ट्रामने नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा, ते दारात आडवं अडकतं.