लेह की दार्जिलिंग? आधी रजा पाहा, मग डोंगर

सह्याद्रीत पाच-सहा पावसाळे काढलेल्या मुंबईकराला कधीतरी हिमालयातले असे गाव हवेसे वाटू लागते, जिथे पायांना भरपूर काम मिळेल आणि बाजारात नुसते उभे राहिले तरी चार भाषा कानांवर पडतील. त्या शोधात दोन नावे हटकून पुढे येतात, लेह आणि दार्जिलिंग. लेहला मी दोनदा गेलो आहे आणि दार्जिलिंगला तीनदा, तरीही कोणी विचारले की सरळ उत्तर देत नाही. आधी त्यालाच विचारतो की रजा केव्हाची आणि किती दिवसांची मिळते आहे. निवडीचा अर्धा गुंता तिथेच सुटतो.

आपल्याकडच्या सुट्ट्या मुख्यतः तीन: शाळांची मे महिन्याची, गणपतीची आणि दिवाळीची. मे महिन्यात दार्जिलिंगला हवा सुखाची असते, परंतु मॉन्सूनपूर्व ढगांमुळे कांचनगंगा आठवडाभर दिसलीच नाही असेही होते. दुसरीकडे मनाली-लेह रस्त्यावरचा बर्फ हटवण्याचे काम त्या दिवसांत बऱ्याचदा चालूच असते. मुलांच्या शाळा जूनच्या मध्याला उघडत असतील तर जूनचा पहिला पंधरवडा लेहसाठी उत्तम. गणपतीच्या सुमारास दार्जिलिंगचा विचारच करू नये, कारण तिथे धो-धो पाऊस असतो आणि तिथली डोंगरचालीची मुख्य वाट ज्यातून जाते ते ‘सिंगालीला’ राष्ट्रीय उद्यान १५ सप्टेंबरपर्यंत बंद असते. लेह मात्र पर्जन्यछायेतले असल्यामुळे सप्टेंबरमध्ये तिथले आकाश निळेशार असते, जवाची कापणी चाललेली असते आणि जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. दिवाळीत चित्र पूर्ण उलटते. लेहमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, नळ गोठू लागतात आणि बरीच अतिथीगृहे दारे लावून घेतात. दार्जिलिंगला मात्र वर्षातले सर्वांत स्वच्छ दिवस नुकतेच सुरू झालेले असतात.

दुसरी बाब उंचीची, आणि तिच्याकडे आपली मंडळी सर्वाधिक दुर्लक्ष करतात. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. लेहचा विमानतळच त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ३,२५६ मीटरवर आहे, आणि शहर सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो. दिल्लीहून पहाटेच्या विमानाने दीड तासात तिथे उतरलेल्या शरीराला याची कसलीच पूर्वसूचना नसते. रोज सात मजले चढणारा, रतनगड-हरिश्चंद्रगड पाठ असलेला माणूस यातून सुटतो असेही नाही, कारण उंचीचा त्रास आणि तंदुरुस्ती यांचा फारसा संबंध नसतो. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी हिंडू लागतो आणि आजारी पडतो. आमच्या पहिल्या सहलीत आयोजकाने दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड ठेवली होती. खिंडीवरच्या फलकावर तेव्हा १८,३८० फूट असे ठणठणीत लिहिलेले होते. प्रत्यक्ष मोजणीनुसार उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट भरते, पण आमच्यातले दोघे तो फरक कळण्याच्या अवस्थेतच नव्हते. एकाने फलकाजवळ छायाचित्र काढून घेतले आणि गाडीत बसताच तो ओकू लागला; दुसऱ्याचे डोके संध्याकाळपर्यंत ठणकत राहिले, आणि त्याचा पुढचा दिवस रुग्णालयात ऑक्सिजनची नळी लावून गेला.

म्हणून लेहला विमानाने जायचे तर पहिले अठ्ठेचाळीस तास काहीही करायचे नाही, हे बेतातच लिहून ठेवावे. पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे, आणि प्रतिबंधक गोळी घ्यायची असल्यास मुंबईतच डॉक्टरांना विचारून घ्यावी. वेळ असेल तर रस्त्याने जाणे अधिक शहाणपणाचे, आणि तेही श्रीनगरकडून. कारगिलला २,६७६ मीटरवर मुक्काम पडतो आणि शरीर पायरी-पायरीने वर चढते. मनालीकडून गेल्यास सरचूसारख्या ४,२०० मीटरहून उंच जागी रात्र काढावी लागते, आणि ती रात्र बहुतेकांना झोपेविना जाते. दार्जिलिंगच्या बाबतीत हा परिच्छेद लिहायची गरजच नाही. गाव २,०५० मीटरच्या आसपास आहे. आजी-आजोबांनाही शाल पांघरून फिरवता येते.

दोन्ही गावे बहुरंगी खरी, परंतु हे रंग आले वेगवेगळ्या वाटांनी, आणि कोणते गाव आपल्याला अधिक भावेल हे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

लेहची सरमिसळ व्यापारातून झाली. यारकंद, काश्गर, ल्हासा, काश्मीर आणि पंजाब या सगळ्यांच्या मध्ये हे गाव होते. काफिले त्सास सोमा बागेत उतरत आणि १९४९ नंतर सीमा बंद होईपर्यंत हे चालू राहिले. बाहेरचे मुसलमान व्यापारी आणि लडाखी स्त्रिया यांच्या विवाहांतून ‘अर्गोन’ नावाचा समाजच उभा राहिला. सेंगे नामग्यालचा नऊ मजली राजवाडा वरून ज्या बाजाराकडे पाहतो, त्याच बाजारात सतराव्या शतकातली जामा मशीद आहे, जवळच गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ आहे, आणि १८८५ पासून येथे असलेल्या मोराव्हियन मिशनचे चर्चही आहे. मशिदीच्या मागे भटाऱ्यांची एक गल्ली आहे. सकाळी सहा-साडेसहाला तिथे जावे. अंधाऱ्या खोलीत जमिनीत पुरलेला तंदूर, त्याच्या काठावर मांडी घालून बसलेला भटारी, ओल्या हाताने थापलेली रोटी तो कोपरापर्यंत हात आत घालून भिंतीला चिकटवतो आणि दोन लोखंडी सळयांनी बाहेर ओढतो. समोर रांगेत गोंचा घातलेली लडाखी आजी, मशिदीतून आलेला म्हातारा, नेपाळी मजूर आणि सुट्टीवरचा जवान. सगळ्यांच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गरम रोट्या. मी ‘जुले’, म्हणजे नमस्कार, म्हटले तर आजींनी मला पुढे ढकलून माझी रोटी आधी घ्यायला लावली. ‘आमा-ले’ म्हणावे, म्हणजे आपल्या ‘आईसाहेब’सारखे, मोठ्या भावाला ‘आचो-ले’. तो ‘ले’ विसरू नये.

दार्जिलिंगची सरमिसळ झाली ती चहाच्या मळ्यांतल्या मजुरीतून आणि इंग्रजांच्या उन्हाळी वस्तीतून. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून ही टेकडी कंपनीकडे आली, मळे लागले, आणि पूर्व नेपाळातून राई, लिंबू, तमांग, गुरुंग, शेर्पा या जमातींचे लोक कामासाठी आले. मूळचे लेपचा आणि भुतिया होतेच. मागाहून बंगाली, मारवाडी, बिहारी आणि १९५९ नंतर तिबेटी निर्वासित येत गेले. या सगळ्यांना बांधणारी भाषा नेपाळी आहे, आणि ती देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे दुकानांच्या पाट्या आपल्याला सहज वाचता येतात. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु परक्या गावात पाट्या वाचता आल्या की पाऊल मोकळे पडते. चौरस्त्यामागच्या महाकाल टेकडीवर पूर्वी दोर्जे लिंग मठ होता, ज्यावरून गावाचे नाव पडले. आज तिथल्या एकाच गाभाऱ्यात हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा शेजारी-शेजारी बसतात; एक टिळा लावतो, दुसरा मंत्र पुटपुटतो, आणि भोवतालच्या हजारो प्रार्थनापताकांमध्येच देवळाच्या घंटा टांगलेल्या असतात. भाविक दोघांपुढेही हात जोडून पुढे सरकतात.

दिवाळीतल्या मुंबईकराला दार्जिलिंग आणखी एका कारणाने जवळचे वाटेल. तिथे तेव्हा नेपाळी लोकांचा तिहार हा सण असतो. एक दिवस कुत्र्यांना झेंडूच्या माळा घालतात, रात्री पोरे दारोदार देउसी-भैलो गात फिरतात, आणि आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी तिथे भाई टीका असते. अतिथीगृहाच्या दिदींनी मला त्यांच्या भावांच्या ओळीत बसवून कपाळावर रंगीत टिळ्यांची उभी रेघ ओढली होती. ओवाळणी म्हणून काय घालावे हे न सुचल्याने मी खिशातली नोट पुढे केली आणि ती त्यांनी निमूटपणे ठेवून घेतली, म्हणजे रीत फारशी वेगळी नसावी.

या दोन गावांना जोडणारा एक माणूस आहे, म्हणून थोडे विषयांतर. चोमा द कोरोश हा हंगेरियन विद्वान १८२३ पासून लडाखमधल्या झांस्करच्या मठांमध्ये कडाक्याच्या थंडीत बसून तिबेटी शिकला, १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला, आणि ल्हासाच्या वाटेवर असताना १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्याचा अंत झाला. तिथल्या जुन्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.

साहसाच्या दृष्टीने लेहचे पारडे नि:संशय जड आहे. चिलिंग ते निम्मू या टप्प्यात झांस्कर नदीतून तराफ्याने उतरणे, मारखा खोऱ्यातली आठवडाभराची चाल आणि तिच्या शेवटी येणारी सुमारे ५,२०० मीटरची कोंगमारू खिंड, नुब्रा खोऱ्याकडे मोटारसायकलने जाणे, हे सारे तिथूनच सुरू होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र मारखाच्या मागे न लागता शाम खोऱ्यात लिकिर ते तेमिसगाम ही तीन दिवसांची वाट धरावी. रोज एक-दोन खिंडी, रात्री गावकऱ्यांच्या घरी मुक्काम, आणि जेवायला स्क्यू, म्हणजे कणकेच्या छोट्या गोळ्यांचा भाज्या घातलेला रस्सा. आपल्या वरणफळांशी त्याचे नाते पहिल्याच घासाला कळते.

दार्जिलिंगचे साहस गावात नाही, ते माने भंज्यांगला गाडीतून उतरल्यावर सुरू होते. तिथून संदकफूपर्यंत सुमारे ३१ किलोमीटरची चढण तीन दिवसांत करतात. वाट भारत-नेपाळ सीमेवरून जाते, तुमलिंगसारखे मुक्काम तर नेपाळच्या हद्दीतच येतात, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवे आणि वाटाड्या सक्तीचा आहे. ३,६३६ मीटरवरच्या संदकफूवरून पहाटे कांचनगंगा निजलेल्या बुद्धासारखी आडवी दिसते आणि डावीकडे दूरवर मकालू, ल्होत्से व एव्हरेस्ट. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एका नजरेत घेण्यासाठी लेहला कोणतीही खिंड चढली तरी उपयोग नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी गाडीचा रस्ता वरपर्यंत जातो. गावात परतल्यावर १९५४ मध्ये स्थापन झालेली हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि तिच्या आवारातली तेनझिंग नोर्गे यांची समाधी पाहावी. दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीविषयी फार लिहीत नाही. माथेरानची गाडी लहानपणी अनुभवलेल्यांना तिचे रूळही दोन फुटांचेच, हे सांगितले म्हणजे पुरे.

खर्चात लेह महाग पडते, याचे मुख्य कारण वाहने. तिथे टॅक्सी संघटनेचे दर ठरलेले असतात आणि अंतरे मोठी. एकट्या-दुकट्याला ते परवडत नाही, चार-पाच जणांचा गट असावा. दार्जिलिंगला सामायिक जीपमध्ये जागेप्रमाणे पैसे द्यायचे असतात, आणि मुंबईहून बागडोगऱ्याला थेट विमान किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसहून गुवाहाटीकडची गाडी पकडून न्यू जलपायगुडीला उतरता येते. लेहला बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. घरच्यांना हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार होण्याचीच पाळी येते.

धोकेही दोन्हीकडे आहेत. लेहने ऑगस्ट २०१० ची ढगफुटी पाहिली आहे. दार्जिलिंगच्या रस्त्यांवर पावसाळ्यात आणि कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही दरडी कोसळतात, आणि २०१७ मध्ये तिथे १०४ दिवस बंद होता. निघण्याआधी आठवडाभर स्थानिक बातम्यांवर नजर ठेवावी.

एवढ्यावरून माझा कौल असा. हातात सातच दिवस असतील तर लेहला जाऊ नये. त्यांतले दोन अंथरुणात आणि दोन गाडीत जातील, मग खोऱ्यातल्या गावांना काय मिळणार? दिवाळीचे सात-आठ दिवस, सोबत साठीपुढचे आई-वडील किंवा पहिल्यांदाच हिमालयात जाणारी मुले असतील तर दार्जिलिंग, आणि संदकफूला घरातल्या तरुणांनीच जावे. दहा-बारा दिवसांची रजा, चौघांचा धडधाकट गट आणि सप्टेंबर महिना जुळून येत असेल तर लेह, तेही श्रीनगरमार्गे जाऊन विमानाने परत.

परतीचे विमान धरताना एक राखीव दिवस ठेवावा. लेहची बहुतेक उड्डाणे दुपारच्या वाऱ्यामुळे सकाळीच उरकतात, आणि सकाळी हवा बिघडली की सहसा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. दार्जिलिंगहून निघताना आदल्या रात्रीच सिलिगुडीला उतरून राहावे. घुमजवळ रस्ता तुंबला की विमान बागडोगऱ्यावरून उडताना जीपच्या खिडकीतून पाहावे लागते, आणि ते मी पाहिलेले आहे.