म्युझस्कोरमधलं नोट नेम्स प्लगिन आणि त्यातून काढलेली सरगम, काही महिने वापरल्यावर

ज्यांना स्टाफ नोटेशनवर (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीवर) नुसतं सी डी ई एफ छापून हवंय त्यांनी हे सगळं वाचायची गरज नाही. म्युझस्कोर या संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरसोबत नोट नेम्स नावाचं प्लगिन (जोडून चालवायची छोटी स्क्रिप्ट) आयतं येतं, प्लगिन्सच्या पानावर जाऊन चालू करायचं, हवे ते बार सिलेक्ट करायचे (काहीच सिलेक्ट नसेल तर अख्खा स्कोअर घेतं), क्लिक केलं की प्रत्येक स्वराच्या डोक्यावर नाव. कॉर्ड असेल तर नावं एकाखाली एक लावतं, ग्रेस नोटचं (मुख्य स्वराआधीच्या छोट्या स्वराचं) नाव बारीक अक्षरात टाकतं. चांगलं आहे, फुकट आहे, विषय संपला.

माझी गरज वेगळी होती. आमच्या ग्रुपमध्ये दोन व्हायोलिन आणि एक क्लॅरिनेट स्टाफ नोटेशन वाचतात, आणि हार्मोनियम आणि गाणारे लोक सरगमशिवाय काही वाचत नाहीत. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत गोव्याचे अरेंजर स्टाफवर लिहायचे आणि सतार-सारंगीवाले आपापल्या वहीत सरगम उतरवून घ्यायचे, तोच प्रकार, फक्त आमच्याकडे उतरवून घ्यायला कुणाला वेळ नाही. म्हणून एकाच कागदावर दोन्ही पाहिजे. म्युझस्कोरमध्ये स्वराच्या गोळ्याच्या आतच नाव छापायची सोय आहे आणि त्यात चल 'डो'वालं सोल्फेजपण आहे (डो-रे-मी नावं, 'डो' पट्टीप्रमाणे सरकतो), पण सरगम नाही, आणि असती तरी ए-फोर कागदावर ती अक्षरं चष्मा लावूनही दिसली नसती.

तर प्लगिनची फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, क्यूएमएल आणि आत जावास्क्रिप्ट. डॉक्युमेंट्समधल्या म्युझस्कोरच्या प्लगिन्स फोल्डरमध्ये तिची कॉपी वेगळ्या नावाने टाकायची आणि बदलायची. मूळ प्लगिन स्वराचं नाव टीपीसी नावाच्या आकड्यावरून काढतं, त्यात पंचमाच्या चक्राने आकडे लावलेत, सी म्हणजे १४, जी १५, डी १६ असं. सी शार्प २१ आणि डी फ्लॅट ९, म्हणजे पेटीवर पट्टी एकच पण आकडे वेगळे, पाश्चात्त्य लोकांना तो फरक लागतोच. आपल्याला लागत नाही. सरगमला बारा स्वर पुरतात, त्यामुळे टीपीसी सोडून सरळ पिच घ्यायचा, म्हणजे मिडीचा आकडा (प्रत्येक पट्टीला कॉम्प्युटरमध्ये दिलेला क्रमांक, मिडल सी ६०), त्यातून सा चा आकडा वजा करायचा, १२ ने भागून जी बाकी उरेल तो स्वर. शून्य सा, एक कोमल रे, दोन शुद्ध रे, सहा तीव्र म, सात प. इथे सरगमचं काम एबीसीपेक्षा सोपं निघतं हे मला खूप आवडलं. आणि मिडी फाइल इम्पोर्ट केली की डी शार्पच्या जागी ई फ्लॅट येणं वगैरे जे गोंधळ होतात त्यांचा इथे काही संबंधच राहत नाही.

एक जागा मात्र सांभाळा. जावास्क्रिप्टमध्ये ऋण आकड्याची बाकी ऋणच येते, म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नी साठी ११ यायला पाहिजे तिथे उणे १ येतो आणि स्वरांच्या नावांच्या टेबलात तसलं काही नसतंच. बाकीत १२ मिळवून परत १२ ने बाकी काढायची, मग मंद्रातला प्रत्येक स्वर नीट येतो. सप्तकासाठी तोच वजाबाकीचा आकडा १२ ने भागून खालच्या पूर्णांकाला आणायचा, शून्य मध्य, उणे एक मंद्र, अधिक एक तार.

सा कुठला हे की सिग्नेचरवरून (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणांवरून) काढू नका, विचारून घ्या. गायिकेची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हणजे मध्य सा ५६. पुरुषाची काळी एक गळ्यातून निघते ती ४९, पण ट्रेबल क्लेफवर बहुतेक जण ती एक सप्तक वर म्हणजे ६१ ला लिहितात, तिथे ४९ दिलात तर अख्ख्या गाण्यावर तारसप्तकाचे टिंब. मी छोटा डायलॉग ठेवलाय, त्यात पट्टी वेगळी आणि सप्तक वेगळं. क्लॅरिनेटची भीती होती कारण त्याचं लिहिलेलं वेगळं आणि वाजणारं वेगळं, पण पिच वाजणाऱ्या स्वराचाच मिळतो, तेव्हा सा हलत नाही.

आता चिन्हं. सरगम लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब. युनिकोडमध्ये वेदांच्या स्वरांसाठीच्या खुणा आहेत त्या इथे चपखल बसतात, ग॒ आणि म॑, तार सा साठी सां. मंद्राच्या टिंबाला नुक्ता (ज़ खाली असतो तो) चालतो पण तो व्यंजनाच्या लगेच नंतर, वेलांटीच्या आधी यावा लागतो, नि लिहून शेवटी नुक्ता चिकटवला तर बऱ्याच फॉण्टमध्ये फुटकं गोल चिन्ह दिसतं. म्हणून टेबल सात अक्षरांचं न करता मंद्र-मध्य-तार असे तिन्ही वेगळे टाइप करून ठेवा, कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय. कोमल आणि मंद्र एकत्र आले (ध़॒) की रेघ आणि टिंब एकमेकांवर चढतात का ते फॉण्टवर अवलंबून. मला मुक्ता बरा वाटला. म्युझस्कोरच्या स्वतःच्या एडविन फॉण्टमध्ये देवनागरी नाही, तेव्हा स्टाइलमध्ये जाऊन फॉण्ट ठरवून द्याच, नाहीतर प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळंच दिसेल.

सरगम लिहायची दुसरी पद्धत, पलुस्करांची, ती शिकलेल्यांचं काय? तिथे वरचं टिंब मंद्राचं आणि वरची उभी रेघ तारची, म्हणजे भातखंडेवाल्याने तोच कागद वाचला तर मंद्रातलं सगळं तारसप्तकात गाणार. स्क्रिप्टचा खरा फायदा मला इथे कळला, दुसरं टेबल टाकलं, डायलॉगमध्ये एक पर्याय वाढवला, आणि एकाच स्कोअरच्या दोन प्रिंट.

सगळ्यात मोठा बदल मी केला तो म्हणजे स्टाफ टेक्स्ट (रेघांच्या वर लिहिलेला साधा मजकूर) काढून लिरिक्स (स्वरांखालचे शब्द) वापरणं. स्टाफ टेक्स्ट स्वर उंच असेल तर आपोआप वर सरकतं, मग सरगम एका ओळीत राहत नाही, तान असली तर जिन्यासारखी चढते, शिवाय जलद भागात अक्षरं एकमेकांवर. लिरिक्स एका रेषेत राहतात आणि जागा कमी पडली तर स्वरच लांब सरकवतात. पहिल्या ओळीत गाण्याचे शब्द, दुसऱ्या ओळीत सरगम. पुसायलाही सोपं, कारण स्टाफ टेक्स्ट असतं तर 'अंतरा', 'मुखडा' वगैरे लिहिलेलंही सोबत सिलेक्ट होतं.

आणि पुसावं लागतंच, कारण ही नुसती छापील अक्षरं आहेत, स्वर बदलला तर खालचं नाव बदलत नाही. गायिका बदलली म्हणून पूर्ण गाणं ट्रान्सपोज केलंत तर सरगम योगायोगाने बरोबर राहते (सा पण सोबत सरकला ना), पण एखादी जागा बदलली की जुनं पुसून परत चालवा. मी सरगम अगदी शेवटी, प्रिंटच्या आधीच टाकतो. टाय केलेल्या (कमानीने जोडून एकच लांब स्वर केलेल्या) स्वरांवर मूळ प्लगिन परत परत नाव लिहितं, मागून टाय येतोय का ते तपासून तो स्वर सोडून द्यायची एक ओळ घाला, लांब सा खाली चार वेळा सा बघून गाणारे चार वेळा सा म्हणतात.

जे होत नाही तेही सांगतो. मींड नाही, मात्रांच्या रेघा नाहीत, सम-खालीच्या खुणा नाहीत. लांब स्वराच्या लांबीवरून 'सा – – –' असं काढता येतं पण ते सगळं एका स्वराखाली कोंबलं जातं आणि बार नुसता फुगतो, मी ते ठेवलं नाही. कणस्वर बारीक अक्षरात येतो पण भातखंडेंसारखा मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बसत नाही. ज्याला खरी बंदिशीची वही छापायचीय त्याने या वाटेला जाऊ नये.

नेटवरून म्युझस्कोर तीनच्या काळातलं प्लगिन उतरवलं तर ते चारमध्ये तसंच चालेल असं धरू नका, बंद करायची आज्ञा बदललीय, आणि ४.४ पासून खालची क्यूटी (म्युझस्कोर ज्या प्रोग्रॅमिंगच्या पायावर उभं आहे ती) सहावर गेल्यामुळे डायलॉगवाली बरीच जुनी प्लगिन्स दुरुस्त करावी लागतात. चारमध्ये आतला प्लगिन एडिटरही नाही, कुठल्याही साध्या एडिटरमध्ये लिहायचं. स्कोअरमधले बदल सुरू-शेवटच्या दोन आज्ञांच्या मध्ये ठेवा, म्हणजे एका अनडूमध्ये सगळी सरगम परत जाते, नाहीतर अक्षर-अक्षर मागे घेत बसाल.