बाळाचे ठोके ऐकायचा कर्णा: साडेतीनशे रुपये आणि लेथवरची एक फेरी

प्रसूतीच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढून मी घरी बसले. भाचीची मुलगी यंदा नर्सिंगला लागली, तिला द्यायला ॲल्युमिनियमचा फीटोस्कोप घेतला. आम्ही त्याला कर्णाच म्हणायचो. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आसपास चार सर्जिकल दुकानं पालथी घातली. तिघांनी डॉपलर, म्हणजे ठोके ऐकवणारं विजेवरचं यंत्र, पुढं केलं. चौथ्याकडं माळ्यावर दोन कर्णे धूळ खात पडले होते. साडेतीनशे रुपये. पावती मागितली तर तोंड वाकडं.

वजनाला हलका, आवाज स्वच्छ. पण कानाच्या चकतीची कड धारेची. यात ऐकताना हात लावायचा नसतो, नाहीतर बोटांचीच खरखर ऐकू येते. कर्णा नुसता पोट आणि कान यांच्यात दाबून धरायचा, म्हणजे डोक्याचा भार सगळा त्या कडेवर. मिनिटभरात माझ्या कानावर लाल वळ उठला. पोटाकडच्या तोंडालाही बारीक बर, म्हणजे धातूची खरबरीत कुसळं, होती. दुकानदार म्हणाला, "मावशी, कंपनीतनंच असं येतंय."

दोनशे वर्षांत एवढंही जमू नये? १८१६ साली पॅरिसात लाएनेक या डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली, तिथनं स्टेथोस्कोप आला. १८२१ मध्ये केर्गारादेक या फ्रेंच डॉक्टरनं गर्भजलाचा आवाज ऐकायला नळी पोटावर ठेवली, आणि कानी पडले बाळाचे ठोके. आजचा कर्णा पिनार्ड या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाचा, १८९५ चा. म्हणजे आनंदीबाई जोशींच्या हाती तो कधी आलाच नाही. १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या या बाईनं प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर, आणि नेमणूक झाली आपल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरला, बायकांच्या वॉर्डावर. रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीसही पुरी नव्हती. त्या आवारावरून जाताना मला दर वेळी ते आठवतं.

असो. कर्णा पिशवीत घालून कारखान्यांचं उद्यमनगर गाठलं. लेथवरच्या पोरानं उलटासुलटा करून बघितला. "काकू, डिझेल ओतायचं नरसाळं हाय काय?" काय आहे ते सांगितल्यावर त्यानं हात पुसले आणि परत नीट धरला. त्याच्या बायकोला सातवा लागलेला. दोन्हीकडची कड मारली, पॉलिश पेपर फिरवला, पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी बायकोला घेऊन घरी हजर. पोट चाचपलं, बाळाची पाठ डावीकडं. तिथं कर्णा टेकला, एका हातानं तिची नाडी धरली, म्हणजे आईचे ठोके बाळाच्या नावावर जात नाहीत. घड्याळ लावून पुरं मिनिट मोजले: १४२. ११० ते १६० मध्ये असले की ठीक. मग त्याला वाकायला लावलं. "काय बी नाही. मशीनच्या आवाजानं कान गेलेत माझे." हात सोड म्हटलं, श्वास धर. पंखा बंद केला. बराच वेळ तो उठेना. शेवटी बायकोच म्हणाली, "अवो, मान अवघडंल."

जाताना त्याला बजावलं, तारखेच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, हा घरचा खेळ नव्हे.

पाचपैकी तीन तारे, तेही कड मारून घेतल्यावर. माळ्यावरचा दुसराही आणायला गेले, तर आता चारशे सांगतोय.